सूचना : हरिश्चंद्रगडावर रेंजच्या भरवशावर राहू नका

मंडळी, शनिवारी पाचनईतून वर जातोय, त्याआधी रेंजचं बोलून घेऊ कारण दरवेळी कोणीतरी "वर गेल्यावर लोकेशन टाकतो" म्हणतं आणि घरचे रात्रभर जागे. गडावर रेंज कधी कोकणकड्याच्या बाजूला मोकळ्यावर एखादी काडी येते, मंदिराजवळ खोलगटात गेलात की गायब, आणि तीही तुमच्या कंपनीची असेल असं नाही. त्यामुळे घरी आधीच सांगून ठेवा की फोन लागणार नाही, रविवारी संध्याकाळपर्यंत काळजी करू नका, त्यानंतरही नाही आलो तर कोणाला फोन करायचा तो नंबर लिहूनच द्या.

गाव सोडलं की फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाका. रेंज शोधत बसला की बॅटरी भराभर उतरते. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा घरूनच डाउनलोड केलेला हवा, नाहीतर कोऱ्या स्क्रीनवर नुसता निळा ठिपका बघत बसाल. अडचण आलीच तर आधी ११२ लावा, आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. कॉल तुटत असेल तर एसएमएस टाका, तो बऱ्याचदा जातो.

आणि हो, परदेशातून आणलेलं सॅटेलाइट मेसेंजर (टॉवरशिवाय थेट उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) वगैरे कोणाकडे असेल तर ते घरीच ठेवा, आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाही, उगाच पोलिसांची भानगड नको. शिट्टी आणि टॉर्च मात्र प्रत्येकाकडे पाहिजे, पाचनईत बॅगा बघणार आहे.