नाट्यगृहापर्यंत पोचणार कोण?

महोदय,

सोलापूरला सांस्कृतिक शहर करायचं म्हटलं की चर्चा नव्या नाट्यगृहावर येऊन थांबते. मी विणकरांच्या पूर्व भागातला, जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, डिझाइनं काढण्यात आयुष्य गेलं. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उतरतो, मग पुठ्ठ्यावर भोकं पडतात. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा, असे शेकडो पुठ्ठे माळेत ओवले की माग मोर विणू लागतो. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. मोर काढणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच चादरीवर नसतं. आता हे काम संगणकावर होतं, जुने पुठ्ठे रद्दीत जातात. महापालिकेने ते कागद आणि पुठ्ठे गोळा करून एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये मांडले तरी खूप झालं.

दुसरं, वेळेचं. रात्रपाळीचा कामगार आणि दिवसभर विड्या वळून स्वयंपाकाला लागणारी बाई रात्री नऊच्या नाटकाला येणार कशी? प्रयोग सुट्टीच्या दिवशी सकाळी लावा, आमच्या वस्तीत लावा. आणि एखादा तेलुगूतूनही होऊ द्या, इथल्या अर्ध्या गल्ल्या घरात तेच बोलतात! नारळी पौर्णिमेला आम्हा विणकरांच्या मार्कंडेयाच्या रथापुढे रस्ता फुलतो, म्हणजे प्रेक्षक नाहीत हे कारण चालणार नाही.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये उभी राहिली, तेव्हापासून हे कामगारांचं शहर आहे. म्हणून नव्या नाट्यगृहाचं टेंडर काढण्याआधी अधिकाऱ्यांनी एक संध्याकाळ आमच्या भागात काढावी. चहा माझ्याकडे.

– एक निवृत्त जेकार्ड डिझायनर, सोलापूर