पोटावरचा फुगवटा आणि तुझी घाई

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हा विषय काढला की तू लगेच दुसरीकडे वळतोस, म्हणून लिहितो आहे. गेल्या महिन्यात तुझ्याकडे राहायला आलो होतो, तेव्हा एका सकाळी तू पलंगावरून उठत असताना मी दारात उभा होतो. तू उताणा झोपला होतास आणि हाताचा आधार न घेता एका झटक्यात उठून बसलास. उठताना बेंबीच्या वर, टाक्यांच्या रेषेवर, शेतातल्या वरंब्यासारखा एक उंचवटा वर आला आणि तू बसताच दिसेनासा झाला. मला पाहून तू घाईने सदरा खाली ओढलास. ऑपरेशनला पाच महिने झाले तरी पोटाचा पट्टा तू दिवसभर बांधतोस, रात्रीही सोडत नाहीस, हे मी पाहिले. आणि पहाटे दार लावून तू क्रंचेस, म्हणजे उताणे झोपून धड वर उचलण्याचा व्यायाम, काढतोस, हे भिंतीपलीकडून येणाऱ्या तुझ्या मोजणीवरून कळले. त्या दिवशी तू शंभरापर्यंत मोजलेस. मला तेव्हाच दार ठोठवायला हवे होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा फुगवटा कशाचा आहे ते अजून कोणी तपासलेले नाही, आणि ते कळेपर्यंत तू पोटाला असे राबवू नयेस.

तुझे अपेंडिक्स आत फुटले होते, त्यामुळे पोट मधोमध उघडावे लागले. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंच्या मधून, छातीच्या हाडापासून खाली ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या हाडापर्यंत, एक चिवट पांढरी पट्टी जाते. दोन्ही बाजूंच्या स्नायूंची आवरणे तिथे येऊन एकमेकांत गुंफली जातात. तिथे रक्तस्राव कमी होतो आणि आत लवकर पोहोचता येते, म्हणून तातडीच्या वेळी सर्जन बहुधा त्याच वाटेने आत जातात आणि बाहेर पडताना ती पट्टी धाग्याने शिवून घेतात. वरच्या कातडीचे टाके थोड्याच दिवसांत निघाले, तेव्हा तुला वाटले की जखम भरली. खरी जखम त्या कातडीखाली आहे. तिच्यात ताकद यायला कित्येक महिने लागतात आणि पूर्ण भरल्यावरसुद्धा ती मूळच्या पट्टीइतकी मजबूत होत नाही. शिवाय तुझ्या जखमेत पू झाला होता. ज्यांच्या जखमेत पू होतो त्यांच्या टाक्यांच्या जागी हर्निया होण्याची, म्हणजे पोटाच्या भिंतीला भोक पडून आतला भाग बाहेर डोकावण्याची, शक्यता वाढते, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तो वरंबा पाहून मी अस्वस्थ झालो. मधोमध पोट उघडलेल्या 100 जणांपैकी साधारण 10 ते 20 जणांना पुढे असा हर्निया होतो आणि बहुतेकांना तो पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतो. तुला तो झालाच आहे असे मी म्हणत नाही.

माझ्या आतड्याला पीळ पडला होता ते वर्ष तुला पुसटसे आठवत असेल. ऑपरेशन होऊन मी घरी आल्यावर चार महिन्यांनीही पोट पुढेच राहिले. बसून बसून सुटले आहे, असे जो तो म्हणे आणि मलाही ते खरे वाटे. मी जेवण निम्म्यावर आणले. वजन सात किलोने उतरले, दंड बारीक झाले, गाल बसले, पण पोट होते तिथेच. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते की चरबी असती तर ती सगळ्या अंगाबरोबर थोडी तरी उतरली असती. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी खुर्चीतूनच मला वजन आणखी कमी करायला सांगितले. पोटाला हात लावला नाही, उभे राहून खोकायला सांगितले नाही, आणि मीही संकोचाने काही विचारले नाही. मी त्या काळी सिगारेट ओढत असे. धुराने जखमेचे भरणे मंदावते आणि खोकला चालूच राहतो, अशी दोन्ही बाजूंनी माझी मीच हानी करून घेत होतो. एका रात्री खोकल्याची उबळ आली तेव्हा पोटावर तळवा होता आणि त्याखाली लिंबाएवढी गाठ बाहेर येऊन पुन्हा आत गेलेली स्पष्ट जाणवली. मग दुसऱ्या सर्जनांकडे गेलो. त्यांनी आधी उभे करून खोकायला लावले, नंतर उताणे झोपवून फक्त डोके उचलायला सांगितले आणि बोटांच्या टोकांनी रेषेवरून चाचपत गेले. एका जागी त्यांचे बोट आत उतरले. त्या भोकाची कड त्यांनी माझे बोट धरून मला दाखवली. सगळी तपासणी पाच मिनिटांची होती, आणि ती होण्यासाठी मी चौदा महिने घालवले होते. पुढे जाळी बसवून ते भोक बंद करावे लागले.

तुझ्या पोटात तसे भोक असेलच असे नाही. पोट उघडल्यावर ते पुढे दिसण्याची कारणे अनेक असतात. सुरुवातीला आतली सूज असते, काहींच्या कातडीखाली पाणी साठते. काहींना आतड्याची चाल बिघडल्यामुळे गॅस धरतो. असे पोट सकाळी सपाट आणि संध्याकाळी टम्म असते. काहींचा व्रण खालच्या थराला चिकटून आत ओढला जातो आणि त्याच्या वरचा भाग घडीसारखा लोंबतो. ती घडी चरबीची वाटते, पण मूळ अडचण त्या चिकटलेल्या व्रणात असते, आणि जखम पूर्ण भरल्यावर फिजिओथेरपिस्ट शिकवतील तसा मसाज केल्याने तो पुष्कळदा मोकळा होतो. बरगडीखाली किंवा कुशीत छेद घेतलेल्यांचा स्नायूकडे जाणारा मज्जातंतू कधी कधी दुखावतो आणि तो स्नायू ढिला पडतो. तिथे भोक नसते, तरी फुगवटा दिसतो. शिवाय दोन उभे स्नायू एकमेकांपासून फाकले आणि मधली पट्टी पातळ झाली, तरी उठताना तुझ्यासारखाच वरंबा येतो, त्यातही भोक नसते. हे आणि हर्निया वरून इतके सारखे दिसतात की ते सर्जनांच्या हाताने किंवा सोनोग्राफीनेच उलगडावे. तेवढ्याने भागले नाही तर सीटी स्कॅन करतात. आरशात पाहून तुला ते कळणार नाही, मलाही दारातून कळले नाही.

आता क्रंचेसबद्दल. क्रंचेसने पोटावरची चरबी जात नाही, कारण अमुक जागेचा व्यायाम केला म्हणून त्याच जागेची चरबी वितळत नाही. उलट त्या हालचालीत पोटाच्या आतला दाब वाढतो, आणि तो भिंतीच्या सगळ्यांत कच्च्या जागेवर, म्हणजे तुझ्या शिवणीवर येतो. ज्या व्यायामात तो वरंबा वर येतो तो व्यायाम सध्या तुझ्यासाठी नाही, ही खूण पक्की धर. पट्ट्याने सुरुवातीच्या दिवसांत चालताना आणि खोकताना आधार मिळतो, दुखणे सुसह्य होते, त्याला माझी हरकत नाही. पण पट्टा काढला की फुगवटा परत येतो, कारण त्याने काहीच शिवले जात नाही. तो किती दिवस आणि किती तास बांधायचा हे सर्जनांना विचारून ठरव. रात्री तरी आजपासून सोड.

त्याऐवजी मला शिकवलेली एक गोष्ट सांगतो. ती दिसायला इतकी क्षुल्लक आहे की मी पहिले दोन आठवडे ती मनापासून केलीच नाही. गुडघे दुमडून उताणे झोपायचे आणि एक हात बेंबीखाली ठेवायचा. नाकाने श्वास घेताना पोट सैल सोडायचे. मग तोंडाने सावकाश श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हळूच आत घ्यायचा, लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू किंचित आवळायचे, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. श्वास कोंडायचा नाही. हाताखाली काहीतरी बारीक ताणले गेल्यासारखे वाटते तो सगळ्यांत आतला आडवा स्नायू असतो, पोटाभोवती तोच खरा पट्टा आहे. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा आवर्तने पुरेत. सर्जनांनी होकार दिल्यावर फिजिओथेरपिस्टकडून पुढचे व्यायाम एकेक करून वाढवत जा. रोजचे चालणे मात्र सोडू नकोस.

पलंगावरून उठण्याची सवयही बदल. आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड आणि हाताने रेटा देऊन बस. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी किंवा तळवे दाबून धर, कारण खोकताना आतला दाब नुसते उभे असतानापेक्षा कित्येक पटींनी वाढतो. शौचाला कुंथू नकोस, बद्धकोष्ठ होत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. जड वस्तू सध्या दुसऱ्याला उचलू दे.

पुढचे नीट लक्षात ठेव. फुगवटा घट्ट झाला, दुखू लागला, झोपल्यावरही आत जाईनासा झाला, त्यावरची कातडी लाल किंवा काळपट दिसू लागली, किंवा उलट्या सुरू होऊन वायू आणि शौच बंद झाले, तर सकाळची वाट न पाहता तसाच इस्पितळात जा. आतडे त्या भोकात अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मला तेव्हा अर्ध्या रात्रीही उठव.

तू सैल सदरे घालू लागला आहेस आणि मित्रांबरोबर पोहायला जायचे टाळतोस, हे मला दिसते. तुझ्या वयात हे किती बोचत असेल याची मला कल्पना आहे, कारण माझ्या वयातही ते बोचले होते. आरशासमोर कुशीवर वळून पोट आत ओढून पाहणे मीही केले आहे. पण हे पोट तुझ्या आळसाने पुढे आलेले नाही. फुटलेल्या अपेंडिक्समधून तुला परत आणण्यासाठी ते उघडावे लागले. ज्या रात्री तुला आत नेले त्या रात्री मी बाहेरच्या बाकावर बसून तू परत येण्याखेरीज काहीच मागितले नव्हते. कमरेची पँट काचत असेल तर एक माप मोठी घे, त्यात कमीपणा मानू नकोस.

आणखी काही महिन्यांत हा फुगवटा आपसूक बराच ओसरेल, अगदी सपाट होणार नाही, किंवा त्यावर उपचार लागतील. तिन्ही शक्यता आहेत आणि कोणती खरी हे तपासल्याशिवाय ठरणार नाही. तुझ्या सर्जनांची वेळ या आठवड्यात घे. जाताना पट्टा बांधू नकोस. फुगवटा केव्हा वाढतो, केव्हा बसतो हे कागदावर लिहून ने, आणि त्यांनी आपण होऊन सांगितले नाही तर उभे राहून खोकून दाखवू का, असे तूच विचार. मी बरोबर येईन. तुला चालणार असेल तर आत येईन, नाहीतर बाहेर बसेन. दिवस ठरला की कळव.

तुझे,
बाबा