याला जीर्णोद्धार कसं म्हणायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘कॅलिगुला’ या रोमन सम्राटावरच्या जुन्या चित्रपटाच्या नव्या आवृत्तीवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यात तीनदा ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आलाय आणि तिन्ही वेळा मला खडा लागला. माझी नोकरीची सगळी वर्षं संकलनाच्या टेबलावर फिल्मचे तुकडे चिकटवण्यात गेली, म्हणून राहवलं नाही.

देवळातल्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच एखाद्या दिवशी गळून पडतं आणि आतली मूळ मूर्ती दिसते. सिनेमाचा जीर्णोद्धार म्हणजे साधारण हेच. ओरखडे काढायचे, उडालेले रंग परत आणायचे, आवाजातली खरखर घालवायची; मूर्ती मात्र तीच. ‘कॅलिगुला’च्या बाबतीत त्याच खाणीतला उरलेला दगड घेऊन दुसरी मूर्ती घडवली आहे. ती बरी झाली आहे, हा वेगळा मुद्दा.

मुळात पहिलीच मूर्ती कोणाची होती? पटकथा गोर व्हिडालची, दिग्दर्शन टिंटो ब्रासचं, पैसा ‘पेंटहाउस’ या प्रौढांसाठीच्या मासिकाच्या बॉब गुचिओनेचा. १९७६ साली रोममध्ये डॅनिलो डोनाटीने उभारलेल्या अवाढव्य सेटवर शूटिंग झालं. माल्कम मॅकडॉवेल, हेलन मिरेन, पीटर ओटूल, जॉन गिलगुड असे नट. मग गुचिओनेने ब्रासला संकलनातून बाहेर काढलं आणि त्याच सेटवर गुपचूप उघडीनागडी दृश्यं चित्रित करून मधेमधे घुसवली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, त्यातलाच प्रकार. व्हिडालने नाव काढून घेतलं. ब्रासचं नाव फक्त मुख्य चित्रीकरणापुरतं राहिलं. १९७९च्या त्या १५६ मिनिटांच्या चित्रपटाला आपलं म्हणायला त्या दोघांपैकी एकही तयार नव्हता.

व्हीसीआर भाड्याने आणायच्या दिवसांत आम्ही चार मित्रांनी तो पाहिला होता. नक्की कशासाठी पाहिला ते आता लपवण्यात अर्थ नाही. पण मला आठवतात ते त्यातले ओढूनताणून केलेले कट. नट वाक्य संपवून श्वास घेतोय, डोळ्यांत काहीतरी येतंय, तेवढ्यात कॅमेरा भलतीकडेच.

नवी आवृत्ती मी लंडनला मुलीकडे गेलो असताना थिएटरात पाहिली. (‘रोमन इतिहासावरचा सिनेमा आहे’ एवढंच तिला सांगितलं. तिने मोबाइलवर नाव शोधलं आणि मला एकट्यालाच पाठवलं.) थॉमस नेगोव्हान यांनी ९० तासांहून जास्त फुटेज चाळून १७८ मिनिटांचा चित्रपट बांधला आहे. जुन्या चित्रपटातली एकही फ्रेम यात नाही, असं अभिमानाने सांगितलं जातं. आमच्या टेबलावरच्या भाषेत याचा अर्थ असा, की पूर्वी निवडलेला प्रत्येक टेक (एकच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करतात, त्यातलं एकेक चित्रण) बाजूला ठेवला आणि न निवडलेल्या टेक्समधून सगळा सिनेमा उभा केला.

संकलन-सहाय्यकाला यातली मजा वेगळीच कळते. निवडलेला टेक रिळात गेला की बाकीचे तुकडे कापडी पिशवी लावलेल्या बिनवर, म्हणजे तुकडे टांगायच्या पेटीवर, खिळ्याला लटकतात. चायनाग्राफ, म्हणजे फिल्मवर उठणाऱ्या मेणाच्या पेन्सिलने त्यांच्यावर नंबर टाकायचे, गुंडाळून डब्यात भरायचे आणि विसरायचे. अशा तुकड्यांत कधीकधी निवडलेल्यापेक्षा सरस काम असतं. लंडनला हेलन मिरेनची सिझोनिया, म्हणजे कॅलिगुलाची बायको, बघताना हेच जाणवलं. जुन्या सिनेमात ती शोभेपुरती होती. इथे ती नवऱ्याचं वेड डोळ्यांनी जोखत बसते, आणि तो शॉट मधेच तुटत नाही. नेगोव्हान यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

तरीही हे त्यांचं संकलन आहे. पटकथेच्या जवळ जाण्याचा त्यांचा प्रयत्न खरा असेल, पण ‘हो, हेच मला हवं होतं’ म्हणायला व्हिडाल उरला नव्हता; तो २०१२ साली गेला. ब्रास होते, तर २०२३ साली कान महोत्सवाच्या वेळी त्यांनीच सांगितलं की यात माझा सहभाग नाही आणि माझं नाव वापरून प्रेक्षकांची दिशाभूल होते आहे.

रोमवरच्याच ‘स्पार्टाकस’ या चित्रपटाचं १९९१ साली काय झालं ते पाहा. क्रॅसस हा रोमन सेनानी आणि त्याच्या गुलामाचं स्नानगृहातलं दृश्य १९६० साली सेन्सॉरच्या धाकाने काढलं होतं. चित्र सापडलं, आवाज हरवलेला. क्रॅससचं काम करणारे लॉरेन्स ऑलिव्हिए हयात नव्हते, म्हणून त्यांचे संवाद अँथनी हॉपकिन्सने म्हटले, आणि हे उघडपणे सांगितलं गेलं. मुख्य म्हणजे दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या संमतीने झालं. आपल्याकडचा ‘मंथन’ही १९७६चाच. २०२४ साली तो कानला गेला, तेव्हा मूळ निगेटिव्हवरून झालेल्या कामावर त्याच्या छायालेखकाची, गोविंद निहलानींची, देखरेख होती. ५ लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला आणि आपल्या स्मिता पाटीलचा हा सिनेमा. याला मी जीर्णोद्धार म्हणेन.

लेखकाने घोड्याचाही उल्लेख केलाय. कॅलिगुलाने इन्सिटॅटस नावाच्या आपल्या घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, केलं, असं त्यांनी ठोकून दिलंय. तसं झालं नाही. हा सम्राट इ. स. ४१मध्ये मारला गेला. त्यानंतर सुमारे ८० वर्षांनी लिहिणाऱ्या स्वेटोनियस या रोमन चरित्रकाराला राजवाड्यातल्या भानगडींची भारी हौस, पण त्यानेही ‘त्याचा तसा बेत होता असं म्हणतात’ एवढंच लिहिलं. तेवढं ‘म्हणतात’ त्याने सोडलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी या चित्रपटाबद्दल छापाल तेव्हा ‘उरलेल्या फुटेजमधून केलेलं नवं संकलन’ असं छापावं, ही विनंती. मथळ्यात बसायला लांब आहे, कबूल. उपमथळ्यात बसेल.

आपला,
एक निवृत्त संकलन-सहाय्यक, पुणे