नाना, फोन तुम्हीच लावायचा

पुणे, रविवार

तीर्थरूप नाना आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते, पण नाना "हो हो, कळलं" म्हणतात आणि विषय कापसावर नेतात. म्हणून दादाच्या व्हॉट्सॲपवर पत्र. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

नाना, मी इथे पुण्यात बसून तुमचा कॉम्प्युटर चालवायचे, ते जुनं सॉफ्टवेअर परवा मी त्यावरून काढून टाकलं. बाण आपोआप फिरताना तुम्ही पाहिलात, तुम्हाला वाटलं प्रिंटर बघतेय. आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, "चांगलं चालू आहे, कशाला हात लावते?"

ती दुपार डोक्यातून जात नाही. "आज रात्री वीज तोडू" म्हणणाऱ्याला तुम्ही नंबर वाचून दाखवलात आणि बटण दाबलंत. आई चिडली, दादाही बोलला. पण ही सवय लावली कोणी? दिवाळीत शेजारी बसून मीच तीनतीनदा घोकून घेतलं, नंबर सांगायचा, ॲक्सेप्ट दाबायचं. तुम्ही लेकीचा धडा गिरवलात, एवढंच. अशा ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच बँकांना सावध केलं होतं. मला माहीत होतं, तुम्हाला सांगायचं सुचलं नाही. बँकेचं पान उघडायच्या आत अमळनेरची लाइट खरंच गेली म्हणून वाचलो. जन्मभर लोडशेडिंगला शिव्या दिल्या, त्या दिवशी हात जोडले.

सॉफ्टवेअर वाईट नव्हतं हो. घरच्या वापराला फुकट, आणि पेन्शनची स्लिप, सातबारा, तुमच्या अहिराणी म्हणींचा बिघडलेला फॉन्ट, सगळं मी इथे बसून त्यावरच निस्तरलं. पण मी त्यात पासवर्ड घालून ठेवला होता, तुम्ही होकार न देताही मला आत येता यावं म्हणून. त्याचीच जास्त लाज वाटते. एकदा अशीच न सांगता आले, तर तुम्ही गूगलला विचारत होतात, 'डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके'. मी गुपचूप बाहेर पडले.

आता विंडोजमध्येच असलेलं क्विक असिस्ट वापरू. कंट्रोल, विंडोजचं चिन्ह आणि क्यू एकदम दाबा. मी कोड सांगेन, तो टाका. १० मिनिटांत तो शिळा होतो. आधी मला फक्त स्क्रीन दिसेल. माऊस माझ्याकडे द्यायचा का, ते तुम्हाला विचारलं जाईल. पाटीवर माझा हात धरून तुम्ही 'अ' गिरवून घ्यायचात, हाताला खडूचा वास यायचा. तुमच्या हातातून माऊस घेताना दर वेळी तेच आठवतं.

पण भामटाही कोड सांगू शकतो. म्हणून फोन तुम्हीच लावायचा, माझ्या नंबरवर. समोरून फोन आला तर, आवाज माझा असला तरी, काही दाबायचं नाही. विहिरीपाशी दादाच्या मागे लागलेल्या त्या गोऱ्ह्याचं नाव विचारायचं. इथे लिहीत नाही. फसलंच तर राउटरची वायर ओढा आणि लगेच १९३० ला फोन. आई, हा आकडा फ्रिजवर चिकटव. देवघरात नको, मागचा कागद उदबत्तीनं जळाला.

आणि डोळा. साखर असताना ठिपके अंगावर काढायचे नसतात, नाना. दादाशी बोलले आहे, तो उद्या रजा टाकतोय. जळगावला जाऊन पडदा तपासून घ्या. बाहुली मोठी करायचं औषध घालतात, येताना नीट दिसणार नाही, तेव्हा मोटरसायकलचा हट्ट नको. सकाळीच निघा, रुमाल बांधा. घाबरवत नाहीये, बहुतेक काही नसेलही. पण बघून घ्या.

आई, आखाजीला येणं होत नाही गं. रजेचं तुला माहीतच आहे. तू झोका मात्र बांध, गल्लीतल्या पोरी बसतील. सांजोऱ्या दादाबरोबर पाठव, चार जास्तच. कूलरमध्ये पाणी सकाळीच भरत जा, दुपारी बादली उचलू नको.

नाना, म्हणींची फाइल १४७ वर अडकलीय, ते मी चोरून पाहिलं होतं. पुढची लिहायला बसाल तेव्हा फोन लावा. मी फक्त बघेन, माऊसला हात लावणार नाही.

तुमची,
बेबी