उतरलेला इंचही पहिल्या पानावर छापा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत ‘मन कशानं हलकं होतं’ यावर वाचकांनी लिहिलेलं वाचलं. कुणाला पहिल्या पावसाचा वास, कुणाला खिडकीतला चहा, कुणाला जुन्या पर्सच्या कप्प्यात सापडलेली शंभराची नोट. नोटेचं पटलं. पावसाचं मात्र, रागावू नका, आमच्या गल्लीत चालत नाही. आम्ही कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला राहतो. इथं पहिला पाऊस झाला की माणसं वास घेत बसत नाहीत, माळा रिकामा करायला घेतात.

मी ब्लाउज शिवते, ३४ वर्षं झाली. लगीनसराई उरकली, शाळेचे युनिफॉर्म अजून अंगावर आलेले नाहीत, मधे चार दिवस सवड आहे म्हणून लिहायला बसले. माझं मन हलकं करणारी गोष्ट जेमतेम इंचभर आहे. पण ती छापणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र पुरवणीला न धाडता थेट तुम्हाला धाडतेय.

जुलै लागला की आपल्या पेपरात मी आधी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघते, मग राशिभविष्य, मग बाकीचं जग. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. हा बंधारा कसबा बावड्याला आहे. तिथं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही हे दोन आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. त्या दिवसांत शेजारीण भेटली की ‘जेवलीस का’ नाही, ‘किती झालंय?’ एवढंच विचारते. काय झालंय ते विचारावं लागत नाही.

आमच्या घरात ३९ ला धान्य वर चढतं, ४१ ला गाद्या आणि ४३ ला मशीन. सासूबाई होत्या तेव्हा उंबऱ्याला पाणी लागलं की आधी गंगेची ओटी भरायच्या, मग सामानाला हात लावू द्यायच्या. “दारात आलीया, मोकळ्या हातानं कशी लावून द्यायची?” म्हणायच्या. ओटीचा खण माझ्या कपाटातून जायचा. ८० सेंटिमीटरचं चांगलं खणाचं कापड पाण्यावर तरंगत निघालं की माझा जीव तुटायचा. पण सासूबाईंसमोर बोलायची सोय नव्हती.

२०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. त्या वेळी आमच्या ह्यांनी पायमशीनचं नुसतं डोकं वर नेलं. बीडाचं स्टँड जड म्हणून खालीच राहिलं. “लोखंडाला काय होतंय?” म्हणाले. पाणी गेल्यावर पायडल जागचं हलेना. रॉकेल, मशीनचं तेल, पॉलिश पेपर, सगळं करून नवव्या दिवशी ते फिरलं, आणि अजूनही पावसाळी हवेत कुरकुरतंच. तेव्हापासून आमच्यात ‘लोखंडाला काय होतंय’ ही म्हणच पडली आहे. ह्यांनी काही ठाम सांगितलं की मुलगी एवढंच म्हणते.

२०२१ ला पाणी आणखी वर गेलं, ५६ फूट ३ इंच. त्या वेळी आम्ही स्टँडसकट शेजारच्या माडीवर होतो. तीन घरांची अकरा माणसं, एक शेळी आणि माझं मशीन. वेळेत बाहेर पडायला हवं होतं, हे मान्य आहे. होडी घेऊन आलेल्या पोरांनीही आम्हाला तसंच सुनावलं. वीज नव्हती, मोबाईल मेलेले, पेपर येण्याचा प्रश्नच नव्हता. नदी फुगलेली, पण खालच्या मजल्यात पाणी तळ्यासारखं उभं होतं. रात्री एखादं भांडं दाराला लागून टण्ण वाजायचं तेवढंच. पावसापेक्षा पाणी किती हेच कळत नव्हतं, त्याचा जास्त त्रास. कुणी म्हणायचं चढतंय, कुणी म्हणायचं थांबलंय, आणि दोघंही अंदाजानंच भांडायचे.

तिसऱ्या रात्री मला सुचलं. ब्लाउजच्या डब्यात टेप होती, निळा टेलरिंगचा खडू होता. टॉर्च घेऊन जिन्यानं खाली गेले. पाणी पाचव्या पायरीला होतं. कडेला थर्माकोलचे मणी, शेवग्याचा पाला आणि कुणाची तरी एक लहान चप्पल. पाणी जिथं भिंतीला लागलं होतं तिथं खडू ओढला. ओल्या चुन्यावर खडू नीट उठेना, तीनदा ओढावा लागला. मग वर येऊन पडले. झोप लागली नाही.

उजाडायच्या आधी पुन्हा गेले. निळी रेघ होती. तिच्या खाली ओल्या भिंतीचा एक काळपट पट्टा होता आणि त्याच्या खाली पाणी. आधी वाटलं टॉर्चची सावली असेल. बोट लावलं. मग टेप लावली. सव्वा इंच.

वर जाऊन मी शेजारच्या वैनींना हलवलं. “वैनी, सव्वा इंच.” त्या तटकन उठून बसल्या, “चढलं?” “उतरलं.” त्यांनी पोरीला उठवलं, पोरीनं आजोबांना. “मी बघून आलो,” म्हणत पोरगी खाली धावली आणि धावतच वर आली. आजोबांचे दोन्ही गुडघे गेलेले, पण ते एकेक पायरी बसत बसत खाली उतरले, रेघेला हात लावला आणि तसेच बसत बसत वर आले. वैनींनी स्टोव्ह पेटवला. दूध नव्हतंच, कोरा चहा. साखर आम्ही तीन दिवस चमच्यानं मोजून वाटत होतो. त्या सकाळी वैनींनी डबा उचलला आणि मूठभर ओतली. कुणी अडवलं नाही.

त्यानंतरही पाणी अगदी सावकाश उतरलं, घरात पाय ठेवायला पुढं कितीतरी दिवस लागले. तो चिखल, तो वास, पंचनामे, त्यावर तुम्ही पुष्कळ छापलंय, मी काही वाढवत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या थोरल्या बहिणीनं मंगळवार पेठेत त्या दिवसांचे पेपर माझ्यासाठी ठेवले होते. परत आल्यावर मी ते ओळीनं लावून बघितले. पाणी चढत होतं त्या दिवसांत पहिल्या पानावर आडवा मथळा, ‘विळखा’, ‘रौद्र रूप’, ‘हाहाकार’. आणि ज्या पहाटे अकरा माणसांनी साखर ओतली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, एका जाहिरातीच्या खाली, चार ओळी. ‘पाणीपातळीत किंचित घट.’ मी टेप लावली, सवयच आहे. चढल्याच्या मथळ्याचं अक्षर दीड इंच भरलं. उतरल्याचं पाव इंचही नव्हतं.

आणि ‘किंचित’? संपादक महाराज, इंचाला किंचित म्हणू नका. माझ्याकडं येणाऱ्या बायकाही आधी म्हणतात, “एका इंचानं काय होतंय काकू, घाला अंदाजानं.” मी अंदाजानं घालत नाही. बाही दंडाला रुतणार की नीट बसणार हे त्याच इंचावर ठरतं. कुशीच्या शिवणीत मी इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवतेच ठेवते. सहा महिन्यांनी तीच बाई उसवून घ्यायला येते आणि म्हणते, बरं झालं बाई ठेवलीस.

मी फक्त मन हलकं करण्यासाठी मागत नाहीये. उतरत्या आकड्याचा उपयोग चढत्याइतकाच असतो. शाळेच्या वर्गात किंवा पाहुण्यांकडं राहिलेल्या माणसाला घरी कधी परतायचं, चुन्याची पिशवी नि फिनेल कधी आणायचं, दुकानाचं शटर कधी उचलायचं, हे त्यावरच ठरतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तर गणपतीच्या मूर्ती फळ्यांवर चढवलेल्या असतात. पाणी आणखी एक फळी वर येणार की तिथंच थांबणार, हा त्यांचा वर्षाचा हिशोब असतो.

पाणी हळू का उतरतंय, हेही त्या चौकटीत असू द्या. आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकायला जागा नसते, ते मागं तुंबतं. म्हणून इथं दोन दिवस ऊन पडूनही गल्लीतलं पाणी हलत नाही. मग लोक म्हणतात, “पाऊस न्हाई, तरी पाणी कुठनं येतंय?” आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी धरणच फोडून टाकतं. राधानगरी धरणाच्या दरवाजांचंही तसंच. ते सात स्वयंचलित दरवाजे, तलाव भरला की आपणहून उघडतात नि पाणी कमी झालं की आपणहून मिटतात. उघडले की तुम्ही फोटोसकट छापता. मिटले की? ‘दरवाजा बंद’ ही बातमी वाचून आमच्या गल्लीत लोक खरंच एकमेकांना हाका मारून सांगतात. त्यासाठी फोटो नको, मथळा द्या.

या बाबतीत वाडीकर आपल्यापेक्षा शहाणे. नृसिंहवाडीला पाणी चढताना देवळात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं तेव्हा सोहळा होतो, आणि उतरतानाही होतो. चढता दक्षिणद्वार नि उतरता दक्षिणद्वार, दोन्हीला लोक स्नानाला जातात.

उतरत्या दिवसांत बघण्यासारखं काही नसतं, असं आपल्या बातमीदारांना वाटत असेल तर त्यांनी माझ्याबरोबर एकदा यावं. शिवाजी पुलावर सकाळी सातला माणसं उभी असतात. घाटावरच्या लहान देवळांपैकी आज कुणाचा कळस वर आला, एवढंच बघायला. अनोळखी माणूसही बोट करून दाखवतो, “काल हे न्हवतं बगा.” हलवलेल्या म्हशी परत यायला लागतात, रस्त्यात मधोमध, आपल्याच तोऱ्यात. मागं ट्रॅफिक तुंबलेलं आणि एरवी हॉर्न मारून जीव खाणारा रिक्षावालाही त्या एका दिवशी गप बसतो. मग गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी पुन्हा धार निघते. समोर काढलेल्या दुधाचा पेला, वर बोटभर फेस. मला स्वतःला धारोष्ण दूध पचत नाही. तरी मी तिथं जाऊन उभी राहते.

आणखी एक, टेप धरणाऱ्या बाईची तक्रार. तुमच्या चौकटीत कधी कधी पातळी ‘४१.१०’ अशी छापून येते. हे ४१ फूट १० इंच. दुसऱ्या दिवशी ‘४१.९’ येतं. शाळेत दशांश शिकलेल्या माझ्या भाच्यानं ते वाचून बहिणीला सांगितलं की पाणी जवळजवळ फूटभर चढलं. खरं तर ते इंचभर उतरलं होतं. बहिणीचा मला फोन, “सामान काढ.” मी निम्मं सामान माळ्यावर चढवलं आणि मग आकडा स्वतः बघितला. फुटाला दहा नाही, बारा इंच असतात. कृपया मधे टिंब देऊ नका, ‘फूट’ आणि ‘इंच’ अक्षरात लिहा. चार अक्षरं जास्त लागतील, पण माझ्या गाद्या चारदा वर-खाली व्हायच्या वाचतील.

तर विनंती एवढीच. यंदा पंचगंगा चढली तर तुम्ही पहिल्या पानावर छापणारच, छापाच. पण ज्या दिवशी पहिला इंच उतरेल त्या दिवशी तोही पहिल्या पानावर घ्या, वरच्या घडीवर, म्हणजे पेपर दारात पडल्या पडल्या दिसेल. अक्षर केवढं घ्यायचं ते मी कोण सांगणार? चढल्याच्या मथळ्याचं जेवढं तेवढंच. टेप माझ्याकडं आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर