रावस म्हणजे सॅल्मन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतली 'जंगली सॅल्मन'ची पाककृती वाचल्यापासून अस्वस्थ आहे. 'सॅल्मन म्हणजे आपला रावसच' हे वाक्य तुमच्या वर्तमानपत्रात वाचून वाईट वाटलं. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. पण नाव सोडलं तर दोघांत काही नातं नाही. रावसाचं मांस पांढरं आणि छातीच्या परांखाली त्याला चार लांब तंतू असतात. आपल्याकडची कुठलीही कोळीण तो एका नजरेत ओळखेल.

चूक नावापुरती असती तर मी गप्प बसले असते. पण पुढे 'तुकड्या कालवणात 20 मिनिटं उकळू द्या' असंही लिहिलं आहे. नेमकं हेच माझ्या घरी झालं होतं. माझी आई मालवणहून पहिल्यांदा इथे अमेरिकेत, सिएटलला आली तेव्हा तिला खूश करायचं म्हणून मी अलास्काचा सॉकाय जातीचा अख्खा सॅल्मन आणला. तिने कल्ले उचलून बघितले, बोटाने दाबून बघितला आणि हौसेने तिरफळं, आमसुलं घालून रावसासारखंच कालवण केलं. ताटात आला तो कोरडा, चोथ्यासारखा मासा. वर पांढरा साका धरलेला. 'ह्यो काय रावस नाय गो,' एवढंच ती म्हणाली आणि न जेवता उठली. मासा वाया गेला याचं तिला फार लागलं होतं. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो.

सॉकायच्या अंगात पाळलेल्या सॅल्मनपेक्षा चरबी कमी असते, त्याला जास्त आच सोसत नाही. आधी रस्सा नीट उकळून घ्यायचा, तुकड्या शेवटी सोडायच्या, मंद गॅसवर पाच-सहा मिनिटं, मग झाकण ठेवून गॅस बंद. दुसऱ्या खेपेला आईने असंच केलं आणि दोन वेळा भात घेतला.

पाककृतीबरोबरच्या फोटोतली तुकडी तर 'जंगली', म्हणजे समुद्रात धरलेल्या माशाची वाटतच नाही. चरबीच्या इतक्या जाड पांढऱ्या रेघा पिंजऱ्यात वाढवलेल्या अटलांटिक सॅल्मनला असतात. त्याचा केशरी रंगही खाद्यात घातलेल्या ॲस्टॅक्सँथिन या रंगद्रव्यामुळे येतो. इथल्या मोठ्या दुकानांना मासा धरलेला की पाळलेला, आणि कुठल्या देशाचा, हे 2005 पासून लिहावंच लागतं. लेबलवर 'अटलांटिक' असेल तर तो जवळजवळ नक्कीच पाळलेला. अलास्कात माशांची शेती 1990 पासून बंद आहे, त्यामुळे तिथला किंग, सॉकाय, कोहो, पिंक किंवा चम जातीचा सॅल्मन घेतला तर तो समुद्रातला. वाचकाला निवड करायला ही माहिती हवी होती, ती लेखात कुठेच नाही.

सगळ्यात गंभीर म्हणजे 'ताजा असेल तर कच्चाही खाता येतो' ही ओळ. समुद्रातल्या सॅल्मनमध्ये ॲनिसाकिस नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात, मासा कितीही ताजा असला तरी. कच्चा खायचा असेल तर आधी उणे 20 अंश सेल्सिअसवर सात दिवस गोठवावा, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. आपल्या घरातला फ्रीजर दर वेळी तेवढा थंड असतोच असं नाही. आणि लेखिका मात्र 'गोठवलेला म्हणजे शिळा' म्हणून तो टाळायला सांगतात! बोटीवरच गोठवलेला मासा पुष्कळदा बर्फावर आठवडाभर पडलेल्या 'ताज्या'पेक्षा चांगला निघतो.

मी 'लेखिका' म्हणते आहे ते अंदाजाने, कारण हल्ली पाककृतींखाली नावच नसतं. पूर्वी असायचं. चुकलं तर विचारायचं कोणाला?

बाकीच्या दुरुस्त्या पुढच्या रविवारी छापल्या तरी चालतील. कच्च्या माशाची मात्र उद्याच छापा, कृपा करून.

आपली,
एक जुनी वाचक, सिएटल