‘शुद्ध चांदी’च्या हेडफोन केबलमध्ये उजवी बाजू उलटी जोडलेली, परतावा आणि धोकादायक अडॅप्टर परत मागवण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
हेडफोन व ॲक्सेसरी विभाग

विषय: १.५ मीटर, ४.४ मिमी बॅलन्स्ड अपग्रेड केबल (किंमत ₹२८,५००, जीएसटीसह) व सोबतचे दोन अडॅप्टर यांतील दोष

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून ३२ ओहमचे ओपन-बॅक (मागून उघडे) प्लेनर (सपाट पातळ पडद्याचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग असलेले) हेडफोन आणि त्यासाठी वेगळी विकली जाणारी वरील बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या प्लस-मायनस तारा स्वतंत्र ठेवणारी) केबल एकाच बिलावर घेतली आहे. हेडफोनबद्दल तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. खोक्यातून आलेल्या साध्या ३.५ मिमी केबलवर ते उत्तम वाजतात. तानपुऱ्याच्या जवारीतून उठणारे स्वर एकमेकांत न मिसळता वेगवेगळे ऐकू येतात. डग्ग्यावरची तळहाताची घसीट पार खालपर्यंत उतरते आणि तिथे गुरगुर होत नाही. ‘स’ आणि ‘श’ थोडे टोचतात, साधारण ६ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, पण कापडी पॅड लावल्यावर तेही सुसह्य होते. इतक्या चांगल्या ड्रायव्हरना ही केबल जोडून विकली जाते, म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

पहिला आणि सर्वांत मोठा दोष ध्रुवतेचा आहे. उजव्या बाजूची प्लस आणि मायनस तार कारखान्यातच उलटी जोडली गेली आहे.

हा दोष कानाला पकडायचा असेल तर मोनो ध्वनिमुद्रण घ्यावे. आमच्या कोल्हापूरच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या यासाठी सर्वांत चोख. एकच आवाज, एकच मायक्रोफोन, दोन्ही कानांत तंतोतंत तेच. (तबकडी स्टिरिओ पिकअपने उतरवली असेल तर दोन्ही बाजूंची खरखर वेगळी असते, अशा वेळी फोनमधले मोनो ऑडिओचे सेटिंग चालू करावे.) साध्या केबलवर हा आवाज डोक्याच्या मधोमध एका बिंदूवर उभा राहतो, आकार लावला, तान घेतली तरी जागा सोडत नाही. आपल्या अपग्रेड केबलवर तोच आवाज मधून नाहीसा होतो. तो दोन्ही कानांच्या मागे पसरतो, कुठून येतो ते बोट ठेवून सांगता येत नाही आणि पाच-दहा मिनिटांत कानावर दाब आल्यासारखे वाटू लागते.

लाउडस्पीकरमध्ये एक बाजू उलटी जोडली की खर्ज हवेतच कापला जातो आणि दुकानातल्या पोऱ्यालाही ते कळते. हेडफोनमध्ये प्रत्येक कान आपापलाच ड्रायव्हर ऐकतो, म्हणून खर्ज कमी होत नाही. फक्त मधली जागा जाते. त्यामुळेच हा दोष गुण म्हणून खपू शकतो. आपल्या ग्राहक सेवा विभागाने ईमेलमध्ये नेमके तेच केले आहे: ‘केबलमुळे साउंडस्टेज रुंद झाला आहे, कानांना सवय होऊ द्या’ असे उत्तर आले. साउंडस्टेज म्हणजे गायक-वादक आपापल्या जागी बसल्याचा भास; गायिकेला मैफलीच्या मधून उठवून भिंतीत पसरवणे म्हणजे साउंडस्टेज नव्हे.

कानावर विश्वास नसेल तर मल्टिमीटर घ्या. कंटिन्युइटीवर (दोन टोके जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन मिनिटांत तपासणी होते. ४.४ मिमी प्लगची ठरलेली जोडणी अशी (टिप म्हणजे प्लगचे टोक, रिंग म्हणजे मधले पट्टे, स्लीव्ह म्हणजे बुडाचा भाग): टिप डावा प्लस, पहिली रिंग डावा मायनस, दुसरी रिंग उजवा प्लस, तिसरी रिंग उजवा मायनस, स्लीव्ह ग्राउंड. कपाकडच्या ३.५ मिमी मोनो प्लगमध्ये टिप प्लस आणि स्लीव्ह मायनस. या केबलमध्ये डावी बाजू बरोबर आहे. उजव्या मोनो प्लगची टिप मात्र तिसऱ्या रिंगला वाजते आणि स्लीव्ह दुसऱ्या रिंगला. आपल्याच साध्या केबलवर हीच तपासणी केली, ती बरोबर निघाली. म्हणजे हेडफोनच्या कपातली जोडणी ठीक आहे आणि चूक केबलचीच आहे.

दुसरा दोष डाव्या बाजूच्या जोडाचा. कपाकडच्या डाव्या प्लगजवळ केबल थोडी वाकली की डावा आवाज खाली जातो, कधी क्षणभर तुटतो. कपांवरचे डावे-उजवे प्लग अदलाबदल केले तर दबलेला आवाजही दुसऱ्या कपात जातो. म्हणजे ड्रायव्हर निर्दोष आहे. एक ओहमच्या खालचा रोध साध्या मल्टिमीटरच्या दोन वायरींनी मोजण्यात अर्थ नसतो, कारण प्रोबचाच रोध त्यात मिसळतो. म्हणून हेडफोन काढून ठेवून, कपाकडच्या प्लगची टिप आणि स्लीव्ह शॉर्ट करून, ४.४ च्या टोकाकडून १०० मिलिअँपिअर स्थिर प्रवाह सोडला आणि प्लगवरच पडणारे मिलिव्होल्ट मोजले. उजवीकडे ३१ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.३१ ओहम. २४ गेजच्या १.५ मीटर केबलला जाऊन-येऊन ३ मीटर तार लागते, तिचा रोध सुमारे ०.२५ ओहम, प्लगचे संपर्क धरले तर ०.३१ वावगे नाही. डावीकडे मात्र केबल सरळ असताना १९० आणि वाकवल्यावर ५२० मिलिव्होल्ट, म्हणजे १.९ ते ५.२ ओहम. ३२ ओहमच्या ड्रायव्हरवर याचा अर्थ डावी बाजू उजवीपेक्षा ०.४ ते १.२ डेसिबलने खाली. सव्वा डेसिबलच्या फरकाने तबल्याची जागा सरकते.

प्लगचे आवरण हाताने फिरते, त्याला सील नाही. ते उघडून भिंगातून पाहिले तेव्हा कारण दिसले. तारा लिट्झ प्रकारच्या आहेत, प्रत्येक तारेवर वेगळे इनॅमल. ते इनॅमल न उतरवताच सोल्डर केले आहे. सोल्डर बाहेरून गोळ्यासारखा चढला आहे, तारांना ओला होऊन धरलेला नाही. बऱ्याच तारा इनॅमलच्या आडून नुसत्या टेकल्या आहेत. याला रिपेअरवाले ड्राय सोल्डर म्हणतात. पॉलियुरेथेन इनॅमल असेल तर टोक फ्लक्स लावून सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या सोल्डर पॉटमध्ये दोन-तीन सेकंद बुडवावे लागते. चारही बाजूंनी कथील चकचकीत चढले की मगच प्लगला जोडायचे. हे काम सोल्डरिंग आयर्नच्या ३२० अंशांवर उरकले की पहिल्या दिवशी केबल वाजते आणि दोन आठवड्यांत कुरकुरायला लागते.

या दोन्ही तक्रारींवर आपले लेखी उत्तर आहे: ‘२०० तास बर्न-इन करा, चांदी हळूहळू उघडते.’ बर्न-इन म्हणजे नुसते वाजवत ठेवणे. २०० तासांनी उजवी प्लस तार स्वतःहून दुसऱ्या रिंगवर जाणार नाही. इनॅमल वाजवून वितळणार नाही. उलट तितके तास वाकण्या-सरळ होण्यात जोड आणखी सुटेल, आणि तोवर परताव्याची १० दिवसांची मुदतही संपलेली असेल. ग्राहकाला मुदत संपेपर्यंत थांबवणारा हा सल्ला कृपया आपल्या उत्तरांच्या साच्यातून काढून टाका.

आता चांदीविषयी. जाहिरातीत आणि खोक्यावर ‘शुद्ध चांदी’ असे छापले आहे. कोल्हापूरच्या ग्राहकाला हे शब्द सांभाळून सांगावेत. इथून जवळच हुपरीत घरोघरी चांदीचे काम चालते आणि गुजरीच्या सराफ पेठेत धातू पारखणारे डोळे आहेत. प्लगच्या आवरणात सोल्डरबाहेर सुटलेल्या तीन तारा सापडल्या, प्रत्येकी ६ ते ८ मिमी लांब. (अशी सुटी तार आत फिरत असेल तर शॉर्ट होऊ शकते, तो दोष निराळाच.) तारेचे कापलेले टोक भिंगाखाली लाल दिसते, कडेला पांढरी कड. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत त्याच तारांवर नायट्रिक आम्लाचा एक थेंब टाकला, द्रावण निळसर हिरवे झाले. त्यावर अमोनियाचा थेंब पडताच गडद निळे. शुद्ध चांदीचे द्रावण रंगहीन राहते, हा रंग तांब्याचा आहे. (असे द्रावण साठवून ठेवायचे नसते, भरपूर पाण्याने लगेच धुऊन टाकावे.) थोडक्यात, ही चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार आहे.

मुलामा दिलेली तार वाईट असते असे माझे म्हणणे नाही. चांदीची विद्युतरोधकता तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी कमी; या लांबीत तो फरक ०.०१५ ओहमच्या आसपास येतो आणि कुणाच्याही कानाला लागत नाही. पण मग तसे छापा. खरी चांदी असती तरी २४ गेजच्या चार तारा, प्रत्येकी १.५ मीटर, मिळून सुमारे १३ ग्रॅम भरते, म्हणजे जुन्या (११.६६ ग्रॅमच्या) तोळ्याने सव्वा तोळ्याच्या आत. ग्राहक ₹२८,५०० ज्या एका शब्दासाठी देतो तो शब्द खोटा आहे, तक्रार एवढीच.

‘खर्ज घट्ट, वरचे स्वर रेशमी’ हा दावाही या हेडफोनवर टिकत नाही. प्लेनर ड्रायव्हरचा इंपीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखा असतो. त्यामुळे केबलच्या रोधाने आवाजाची पातळी बदलेल, पोत बदलणार नाही. आपली साधी केबल ०.९ ओहम, अपग्रेड केबलची चांगली बाजू ०.३१, दोहोंत फरक पडतो ०.१६ डेसिबलचा. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (एका प्रकारचे छोटे ड्रायव्हर) असलेल्या इअरफोनमध्ये इंपीडन्स फ्रिक्वेन्सीनुसार खूप वर-खाली होतो, तिथे केबलचा रोध खरोखर स्वर बदलू शकतो. तो दावा तिथे करा.

आपल्या प्रात्यक्षिकाच्या व्हिडिओत साधी केबल ३.५ च्या आउटपुटला आणि अपग्रेड केबल ४.४ च्या आउटपुटला लावून तुलना केली आहे. ज्या डॅकला (डिजिटल फाइलचा विद्युत सिग्नल बनवणाऱ्या यंत्राला) ३.५ वर २ व्होल्ट आणि ४.४ वर ४ व्होल्ट मिळतात, तिथे दुसरी केबल सरळ ६ डेसिबल मोठी वाजते, आणि मोठे वाजणारे नेहमीच अधिक उघडे आणि जिवंत वाटते. तुलना करायचीच तर एकाच आउटपुटवरून, ४०० हर्ट्झचा टोन वाजवून, प्लगवरचे एसी व्होल्टेज १ टक्क्याच्या आत जुळवून करावी. (१ किलोहर्ट्झवर स्वस्त मीटर चुकीचे आकडे दाखवतात.)

केबलच्या विणलेल्या आवरणाची कॉलरवर घासून होणारी खसखस कपापर्यंत चढते. ही किरकोळ बाब नोंदवून ठेवतो.

किरकोळ नसलेली आणि तातडीची बाब अडॅप्टरची. केबलच्या पाऊचमध्ये दोन अडॅप्टर आहेत, दोन्हींवर काहीही छापलेले नाही. एक ४.४ मादी ते ३.५ नर. बॅलन्स्ड केबल साध्या आउटपुटला लावण्यासाठी तो योग्य आणि सुरक्षित आहे. दुसरा उलटा, ४.४ नर ते ३.५ मादी. त्यात पहिली आणि तिसरी रिंग आतून एकमेकांना जोडलेली आहे. बॅलन्स्ड ॲम्प्लिफायरच्या दोन्ही मायनसवर जिवंत सिग्नल असतो. तिथे हा अडॅप्टर लावला की दोन आउटपुट थेट एकमेकांवर शॉर्ट होतात. नशीब बलवत्तर असेल तर संरक्षण सर्किट आवाज बंद करेल, नाहीतर आउटपुटची चिप तापून जळेल. साधा हेडफोन ४.४ च्या भोकात बसावा म्हणून कुणीही नवखा माणूस हाच अडॅप्टर उचलेल, आणि हजारोंचा ॲम्प जाईल. माझ्या एका केबलच्या पैशांपेक्षा हे कितीतरी गंभीर आहे.

म्हणून मागण्या अशा. केबलचे पूर्ण ₹२८,५०० परत मिळावेत. बदली केबल नको, कारण धातूचा दावा बदलीने खरा होत नाही. ४.४ नर ते ३.५ मादी अडॅप्टरची विक्री आजच थांबवावी आणि ज्या ग्राहकांना तो गेला आहे त्या सर्वांना वापरू नये म्हणून ईमेल व एसएमएसने कळवावे. ‘शुद्ध चांदी’ऐवजी ‘चांदीचा मुलामा दिलेले तांबे’ असे संकेतस्थळावर आणि खोक्यावर यावे. याच तुकडीतल्या बाकी केबलींची ध्रुवता तपासावी; जिगवर (तपासणीच्या तयार साच्यावर) एका केबलला वीस सेकंद लागतात.

ही खरेदी ऑनलाइन असल्याने ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागावी लागेल. ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, हे आपल्या कायदा विभागाला ठाऊक असेलच.

केबल मूळ खोक्यात, गुंडाळी ८ सेंटिमीटरपेक्षा लहान न करता बांधून ठेवली आहे. डाव्या प्लगचे आवरण उघडे ठेवले आहे, जोड न हलवता पाहता यावा म्हणून. कुरिअरचा माणूस कोणत्याही कामाच्या दिवशी ११ ते ५ दरम्यान पाठवावा. उलटा अडॅप्टर पाकिटात वेगळा ठेवून त्यावर लाल शाईने ‘ॲम्पला लावू नये’ असे लिहिले आहे. आपल्या तपासणी टेबलावरही तो चुकून कुणी लावू नये.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत: बिलाची प्रत; दोन्ही केबलींच्या कंटिन्युइटी तपासणीचा व्हिडिओ; मिलिव्होल्ट मोजमापाचे फोटो; भिंगाखालील सोल्डर जोड व तारेच्या टोकाचे फोटो; ग्राहक सेवा विभागाच्या दोन ईमेलच्या प्रती.